कोरियन कर्मचाऱ्यांचा एम्प्लॉयमेंट व्हिसा आणि आरपी वाढवायचाय, सुरुवात कुठून करू?

शेंद्रा_पर्सोनेल

नमस्कार मंडळी. शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परदेशी कर्मचाऱ्यांच्या कागदांचं काम या महिन्यापासून माझ्याकडे आलंय. चार कोरियन माणसं आहेत, तीन इंजिनियर आणि गेस्ट हाऊसचा एक आचारी. चौघांचाही एम्प्लॉयमेंट व्हिसा आणि रेसिडेन्शियल परमिट (आरपी) ९ जूनला संपतं. मागच्या वर्षी २० जूनला आले, पगार १ जुलैपासून सुरू. इंजिनियरांचा इथला पगार महिना दीड लाख, दोघांना वरची काही रक्कम कोरियात मिळते.

अडचणी अशा : एक इंजिनियर २५ मे ते १५ जून सुट्टीवर गावी जाणार, तिकीट काढून मोकळा झालाय. दुसऱ्याचा पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये संपतो. तिसऱ्यासोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी आहे. दोन फ्लॅट चिकलठाण्याकडे, एक घर करमाडला. आधीच्या माणसाने सगळं एजंटकडून करून घेतलं होतं, फाईलमध्ये फक्त आरपीच्या झेरॉक्स सापडल्या. आज मार्च संपत आलाय. कुठला कागद आधी धरू?

वाळूज_आयआर

सर, सगळ्यात आधी सुट्टीवाल्याचं तिकीट बघा. व्हिसाची मुदतवाढ माणूस भारतात असतानाच होते. ९ जूनला तो सोलमध्ये असेल तर त्याचा व्हिसा तिथेच संपला. मग भारतीय दूतावासातून नवा एम्प्लॉयमेंट व्हिसा, इथे उतरल्यावर चौदा दिवसांत पुन्हा नोंदणी, म्हणजे पहिल्यापासून सगळं. त्याला सरळ सांगा, एक तर सुट्टी एप्रिलच्या सुरुवातीला उरकून ये, नाहीतर मुदतवाढीचा कागद हातात पडल्यावर जा. अर्ज टाकलाय आणि निकाल यायचाय, अशा मधल्या काळातही देशाबाहेर पाठवू नका. विमानतळावर त्याच्या हातात जुन्या तारखेचा व्हिसा आणि अर्जाची पावती असते, आणि पावतीवर कोणी परत आत घेत नाही.

आता अर्ज. काम ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर होतं. प्रत्येक माणसाचं खातं वेगळं, आणि खात्याला ईमेल कुणाचा जोडलाय ते आजच शोधा. तुमच्या फाईलमध्ये झेरॉक्सच आहेत म्हणजे मूळ पीडीएफ एजंटच्या ईमेलवर आलेली असणार. पोर्टलवरून येणारी प्रत्येक शंका, पैसे भरायची सूचना आणि शेवटी परमिटसुद्धा त्याच ईमेलवर येतं. एजंटने मेल उघडला नाही तर आपला अर्ज 'कागद दिले नाहीत' म्हणून बंद होतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. कंपनीचा एक सामायिक ईमेल करा, व्यक्तीच्या नावाचा नको. तुम्ही उद्या बदलून गेलात तरी पुढच्याला तो उघडता आला पाहिजे.

क्रम असा असतो : अर्ज भरायचा, कागद चढवायचे, अर्ज क्रमांक मिळतो. मग छाननी. शंका निघाली तर उत्तर द्यायचं. छाननी झाली की शुल्क भरायची सूचना येते, ते ऑनलाइन भरायचं. लोक इथेच फसतात. अर्ज टाकला, झालं, असं समजून बसतात आणि पैसे भरायची सूचना तशीच पडून राहते. चार दिवसांनी एकदा तरी खात्यात शिरून स्थिती बघायची.

दोन महिने आधी अर्ज आत गेला पाहिजे असं धरून चाला. म्हणजे तुमच्या हातात एप्रिलचा पहिला आठवडा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि फॉरेनर्सचा नवा २०२५ चा कायदा लागू झालाय, १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे जुने चारही कायदे गेले. मुदत संपून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेपर्यंत सहसा जात नाही, पण दंड भरल्याची नोंद त्या माणसाच्या नावावर राहते आणि पुढच्या व्हिसाला ती आडवी येते.

हिशेब_पक्का

कागदांची यादी पोर्टलवर दिसेलच, ती इथे उतरवत नाही. तुमची केस पगारावर अडकणार आहे, त्यावर बोलतो.

एम्प्लॉयमेंट व्हिसाला वार्षिक पगार १६.२५ लाखांच्या वर लागतो. तुमचा दीड लाख गुणिले बारा म्हणजे अठरा लाख, नियमात बसतो. पण पगार १ जुलैपासून आहे. मार्चअखेरपर्यंत नऊच महिने होतात, म्हणजे साडेतेरा लाख. करकपातीच्या कागदावर हाच आकडा दिसणार आणि छाननीवाला म्हणणार, मर्यादेपेक्षा कमी आहे. त्याने विचारायच्या आधीच एक पानाचा तक्ता जोडा : महिना, मूळ पगार, भत्ते, कापलेला कर, बँकेत जमा झालेली रक्कम आणि तारीख. खाली एक ओळ लिहा की रुजू होण्याची तारीख १ जुलै असल्याने ही रक्कम नऊ महिन्यांची आहे, वार्षिक दराने १८ लाख होते. शेजारी बँकेचं स्टेटमेंट. तक्त्यातले आकडे आणि स्टेटमेंटमधले आकडे रुपयाला रुपया जुळले पाहिजेत. कॅन्टीनचे पैसे किंवा उचल कापली असेल तर तो रकाना वेगळा दाखवा, नाहीतर जमा रक्कम कमी का, ही नवी शंका निघते.

दुसरी गोची तारखांची. चालू वर्षाचा 'फॉर्म १६' हा जूनच्या मध्यापर्यंत मिळतो, कारण शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्रच ३१ मेपर्यंत भरायचं असतं. तुमचे व्हिसा ९ जूनला संपतात. ही माणसं मागच्या जूनमध्ये आली, त्यामुळे मागच्या वर्षीचा फॉर्म १६ नाही आणि या वर्षीचा अजून तयार नाही. काही जण फॉर्म १६ ची वाट बघत थांबतात आणि मुदत घालवतात. थांबू नका. पगाराच्या सगळ्या स्लिपा, टीडीएस भरल्याची चलनं, २६एएस (कापलेल्या कराचा सरकारी तपशील, त्यात डिसेंबरपर्यंतचं दिसेल) आणि सीएचं प्रमाणपत्र लावा. अकाउंट्सवाल्यांना सांगा, चौथ्या तिमाहीचं विवरणपत्र मेच्या शेवटच्या दिवसापर्यंत न ताणता एप्रिलमध्येच भरून टाका. त्यांना जमतं, फक्त कोणीतरी मागे लागावं लागतं.

तिसरी गोष्ट, कोरियात मिळणारी रक्कम. भारतात केलेल्या कामाचा पगार कुठल्याही देशात जमा झाला तरी तो इथे करपात्र आहे. करारात एकूण पगार मोठा लिहायचा आणि फॉर्म १६ मध्ये फक्त इथला भाग दाखवायचा, हे दोन कागद एकाच फाईलमध्ये समोरासमोर आले की उत्तर देता येत नाही. त्या दोघांच्या कोरियातल्या रकमेवर इथे कर कापला गेलाय का ते आज विचारा. कापला नसेल तर व्हिसाच्या आधी ते निस्तरा, व्याजासकट.

घर, गाडी, मुलीच्या शाळेची फी कंपनी देत असेल तर त्याची किंमत १६.२५ लाखांत धरता येते, पण करारात ती आकड्यात लिहिलेली हवी आणि करासाठी पगारात मिळवलेली हवी. 'निवास व वाहन कंपनीतर्फे' एवढ्या एका ओळीने काही धरलं जात नाही.

शेंद्रा_पर्सोनेल

सुट्टीवाल्याला आजच गाठतो. पगाराचा मुद्दा तर डोक्यातच नव्हता. एक विचारायचं राहिलं. या चौघांचा पीएफ कापलेला दिसत नाही. आधीचे साहेब म्हणायचे, परदेशी लोकांना पीएफ लागत नाही. हे बरोबर आहे का? आणि आचाऱ्याचा पगार महिना साठ हजारच आहे, त्याचं काय?

हिशेब_पक्का

अर्धं बरोबर. ऑक्टोबर २००८ पासून परदेशी कर्मचाऱ्यांनाही पीएफ लागतो, आणि तोही पूर्ण पगारावर. आपल्या लोकांची पंधरा हजारांची मर्यादा त्यांना नाही. दीड लाखावर बारा टक्के म्हणजे अठरा हजार त्याचे आणि अठरा हजार कंपनीचे, दर महिन्याला. सूट मिळते ती ज्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे तिथल्या, मूळ कंपनीने पाठवलेल्या माणसाला. कोरियाशी करार २०११ पासून आहे, जपानशी २०१६ पासून, जर्मनीशीही आहे. पण ती सूट आपोआप मिळत नाही. कोरियाच्या पेन्शन खात्याने दिलेलं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे सीओसी, फाईलमध्ये लागतं. तिघांची सीओसी आहेत का ते बघा, आणि त्यांवरची शेवटची तारीख बघा. तिलाही मुदत असते. व्हिसा वर्षभर वाढवला आणि सीओसी जूनमध्ये संपली, हे फार ठिकाणी होतं. मग जुलैपासून पीएफची देणी चढायला लागतात आणि कळतं तेव्हा दोन वर्षं झालेली असतात. सीओसी वाढवायचा अर्ज कोरियातल्या मूळ कंपनीने करायचा आहे, म्हणून मेल आजच पाठवा.

थेट तुमच्या कंपनीने नेमलेला माणूस असेल, मूळ कंपनीने पाठवलेला नसेल, तर त्याला सीओसी मिळत नाही. मग पीएफ कापायचाच. आचारी बहुतेक याच प्रकारात असेल.

त्याच्या पगाराचं म्हणाल तर १६.२५ लाखांच्या अटीतून त्या-त्या देशाचं जेवण करणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषे, आणि दूतावासातले कर्मचारी यांना सूट आहे. साठ हजार चालतील. फक्त करारात पद स्पष्ट लिहा, 'कोरियन पाककृतींचा आचारी'. 'गेस्ट हाऊस सहायक' किंवा 'ॲडमिन सपोर्ट' असं लिहिलं की सूट गेली. वर असं काम इथला माणूसही करू शकतो, मग परदेशी कशाला, हा प्रश्न वेगळाच. कारकुनी, साधं, ज्याला इथे माणसं मिळतात अशा कामाला हा व्हिसा मुळात मिळत नाही.

लातूर_बोगी

लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यामुळे आमच्या भागात रशियन मंडळींच्या फाईली बऱ्याच फिरतात. रशियाशी सीओसीवाला करार नाही, तेवढं सोडलं तर कागद तेच. मी नावाबद्दल सांगतो, कारण निम्म्या शंका नावावरूनच निघतात.

पासपोर्टच्या फोटोच्या पानाखाली बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्या ओळींत नाव जसं आहे तसंच, अक्षराला अक्षर, सगळीकडे पाहिजे. कोरियन माणसाचं आडनाव आधी येतं, स्वतःचं नाव दोन तुकड्यांचं असतं, कधी मधे आडवी रेघ, कधी जागा, कधी सलग. पासपोर्टवर सलग, पॅनवर तुटक, करारात फक्त 'मिस्टर किम'. एका प्लांटला तीन किम असले की बघायलाच नको. रशियन लोकांचं उलटं. वडिलांवरून आलेलं मधलं नाव त्यांच्या पासपोर्टवर रशियन अक्षरांत असतं, इंग्रजी अक्षरांत नसतं. एचआर कौतुकाने करारात तिन्ही नावं टाकतं आणि कागद जुळत नाहीत.

म्हणून अर्ज भरायच्या आधी एका कोऱ्या पानावर चार ओळी लिहा : पासपोर्ट, व्हिसा, पॅन, करार. प्रत्येकासमोर त्या कागदावर छापलेलं नाव जसंच्या तसं. ओळी एकसारख्या दिसल्या नाहीत तर आधी पॅन दुरुस्त करा, कारण फॉर्म १६ वर पॅनचंच नाव उतरतं. करार कंपनीच्या हातात आहे, तो दुरुस्तीपत्र काढून एका दिवसात सुधारतो.

जन्मतारीख आणि व्हिसाची तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहायची सवय लावा. कोरियात वर्ष आधी लिहितात, आपल्याकडे दिवस आधी. ०६/०९ म्हणजे ९ जून की ६ सप्टेंबर, यावर उगाच शंका येऊन बसते.

कंपनीच्या पत्राबद्दल. दोन वेगळी पत्रं लागतात, लोक एकात कोंबतात. पहिलं विनंतीपत्र : कोण, पासपोर्ट क्रमांक, पद, पगार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मुदतवाढ हवी, आणि कशासाठी. 'कामाच्या गरजेनुसार' असं मोघम लिहू नका. 'दोन नंबरच्या लाइनवरची मशिन बसवून झाली, आता स्थानिक ऑपरेटरांचं प्रशिक्षण आणि उत्पादन स्थिर करणं बाकी आहे' असं लिहिलं की वाचणाऱ्याला उमगतं. दुसरं हमीपत्र : या माणसाच्या इथल्या वर्तनाची जबाबदारी कंपनीची, आणि काही प्रतिकूल निघालं तर स्वखर्चाने परत पाठवू. दोन्हींवर एकाच अधिकृत सहीदाराची सही, शिक्का, ताजी तारीख. सहीदार बदलला असेल तर संचालक मंडळाचं अधिकारपत्र नव्या माणसाच्या नावाचं हवं. जुन्या साहेबांचं अधिकारपत्र आणि नव्या साहेबांची सही, हा प्रकार हमखास परत येतो.

आणि करार! करार ज्या तारखेपर्यंत, मुदतवाढ फार तर तिथपर्यंत. तुमच्या कंपनीने करार सहा महिन्यांनी वाढवला तर डिसेंबरात हेच सगळं पुन्हा करायचं. कोरियातल्या मुख्य ऑफिसकडून किमान वर्षभराचं वाढीव पत्र मागून घ्या.

स्कॅन करताना पासपोर्टचे चारही कोपरे दिसू द्या. मोबाइलच्या फोटोत अंगठा आणि ट्यूबलाइटची चमक येते, त्या दोन ओळी नेमक्या चमकेखाली जातात. शेवटच्या आगमनाच्या शिक्क्याचं पान विसरू नका. शिक्का फिका असला तर त्याच पानाचा जरा गडद स्कॅन दुसऱ्यांदा काढा.

करमाड_नाका

वरच्यांनी घराचा विषय सोडला आणि पोलीस तपासणीला घरच बघतात, म्हणून लिहितो.

फाईल कुठल्या ऑफिसकडे जाते ते राहत्या पत्त्यावर ठरतं, कारखान्याच्या पत्त्यावर नाही. चिकलठाण्याचे फ्लॅट शहर पोलीस आयुक्तालयाकडे, करमाडचं घर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. एकाच कंपनीच्या फाईली दोन ठिकाणी जाणार आणि दोन वेगळे हवालदार फोन करणार. पोर्टलवर पोलीस ठाणं निवडताना अंदाजाने निवडू नका. आधी ठाण्यात जाऊन विचारा, हा गट नंबर तुमच्या हद्दीत येतो का. चुकीचं ठाणं निवडलं की फाईल तिकडून 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून फिरते आणि तेवढ्यात दोन आठवडे जातात.

जिल्ह्याचं नाव ही आपल्याकडची खास भानगड. करारनाम्यात छत्रपती संभाजीनगर, जुन्या लाइट बिलावर औरंगाबाद, फॉर्ममध्ये यादीत जे येईल ते. पोर्टलच्या यादीत जे असेल ते निवडा आणि कंपनीच्या पत्रात 'छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद' असं एकदा लिहून टाका.

घरमालकाने सी फॉर्म भरलाय का? नाव आता बदललंय पण लोक सी फॉर्मच म्हणतात. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं, ही जबाबदारी घर देणाऱ्याची. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं, करमाडच्या घरमालकाला नसतं. त्यासाठी मालकाचं पोर्टलवर खातं लागतं आणि ते खातं पोलिसांकडून मंजूर व्हावं लागतं, म्हणजे आज ठरवलं आणि आज भरलं असं होत नाही. गेस्ट हाऊस कंपनीचं असेल तर खातं कंपनीने काढायचं. माणूस परदेशातून सुट्टी संपवून आला की पुन्हा भरा. सुट्टीवाला परत आला की हे लक्षात ठेवा.

करारनामा. आपल्याकडे पाचशेच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरी मारायची पद्धत आहे. ती सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच लागतं, अकरा महिन्यांचं असो की पाच वर्षांचं.

वाळूज_आयआर

करमाडभाऊ, नोटरीवाला करारनामा जोडून परमिट निघालेली उदाहरणं आमच्या वाळूजला भरपूर आहेत. घाबरवू नका. लाइट बिल आणि सी फॉर्म असला की चालतं.

करमाड_नाका

चालतं तोवर चालतं, सर. छाननीला बसलेला माणूस बदलला की चालत नाही. आणि नोंदणी नसली तर गुन्हा घरमालकावर, तोच मग ऐन वेळी हात वर करतो. नोंदणी ऑनलाइन होते, खर्चही फार नाही. परदेशी माणसाकडे आधार नसलं तर फ्लॅट कंपनीच्या नावाने घ्या, अधिकृत सहीदार अंगठा देईल. फक्त करारनाम्यात एक कलम हवंच, की या जागेत कंपनीचा कर्मचारी अमुक राहील. नाहीतर कंपनी भाडेकरू आणि राहणारा तिसराच, असं दिसतं. माणूस बदलला तर कंपनीचं पत्र जोडा, कोण, कोणत्या तारखेपासून.

अकरा महिन्यांचा हिशेबही बघा. मागच्या जूनचा करारनामा मेमध्ये संपतो. अर्ज एप्रिलमध्ये केलात तर तो चालू दिसेल, पण तपासणीला हवालदार येईल तेव्हा संपलेला असेल. आत्ताच नवा करून घ्या.

तपासणीला कोणी आलं तर वॉचमनला माहिती असू द्या. त्याच्या वहीत 'कोरियन साहेब, ३०४' एवढंच असतं. हवालदार पासपोर्टवरचं नाव विचारतो, वॉचमन मान हलवतो, आणि शेरा पडतो, 'पत्त्यावर मिळून आला नाही'. वहीत पूर्ण नाव लिहून घ्या, दारावर इंग्रजीत नावाची पट्टी लावा आणि कंपनीतल्या मराठी बोलणाऱ्या एका माणसाचा नंबर त्याच्याकडे ठेवा.

वाळूज_आयआर

बरं, नोंदणीचं मान्य. पहिल्यापासून करणाऱ्याने नोंदणीकृतच करावं. मी पासपोर्ट आणि कुटुंबाचं पूर्ण करतो.

नोव्हेंबरमध्ये पासपोर्ट संपणाऱ्याला आधी नवा पासपोर्ट काढायला लावा. पासपोर्टच्या मुदतीपलीकडे व्हिसा वाढत नाही, म्हणजे त्याला फार तर नोव्हेंबरपर्यंत मिळेल आणि तेवढ्याकरता पुन्हा अर्ज. कोरियाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, काय-काय लागतं ते आधी फोनवर पक्कं करून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने पाठवा. नवा पासपोर्ट मेच्या सुरुवातीपर्यंत येत नसेल तर थांबू नका, जुन्यावरच अर्ज टाका, नवा आल्यावर पोर्टलवर तपशील बदलून घ्या. जुना पासपोर्ट फेकू देऊ नका, व्हिसा त्यातच चिकटवलेला आहे. प्रवासात दोन्ही जवळ हवेत.

बायको आणि मुलीचा अर्ज वेगवेगळा, पण एकाच दिवशी टाका. त्यांची मुदत नवऱ्याच्या मुदतीला बांधलेली असते. नातं दाखवणारा कागद कोरियन भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या. आणि एक गोष्ट पत्रात स्पष्ट लिहा : कोरियात लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. आपल्याकडे छाननी करणाऱ्याला नवरा-बायकोची आडनावं वेगळी दिसली की शंका येते. मुलीच्या शाळेचं बोनाफाइड जोडा, त्यावर पत्ता घराचाच आहे ना ते बघून. वहिनींना या व्हिसावर नोकरी करता येत नाही, ऑनलाइन शिकवण्यासुद्धा घेऊ नयेत.

शेंद्रा_पर्सोनेल

खूप उपयोग झाला सगळ्यांचा. दोन गोष्टी तपासल्या. तिघांची सीओसी सापडली, दोघांची जूनअखेर संपते. मूळ कंपनीला मेल टाकलाय. दुसरं, आचाऱ्याचा पगार गेस्ट हाऊस चालवणारा कंत्राटदार देतो असं आता कळलं, व्हिसावर मात्र नाव आमच्या कंपनीचं आहे. हे चालेल का?

हिशेब_पक्का

नाही चालणार. व्हिसा ज्याच्या नावावर, नोकरी त्याचीच. एम्प्लॉयमेंट व्हिसावर भारतात राहून मालक बदलता येत नाही. सूट आहे ती मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी यांसारख्या एका घरातल्या बदलाला, तीही परवानगी घेऊन. कंत्राटदार त्यात बसत नाही. एप्रिलपासून त्याचा पगार तुमच्या कंपनीच्या पगारपत्रकावर घ्या, टीडीएस आणि पीएफ तुमच्या नावाने भरा. झालेल्या महिन्यांचं मागच्या तारखेने कागद बनवून झाकायला जाऊ नका. बँकेचं स्टेटमेंट खोटं बोलत नाही, पगार कुणी पाठवला ते त्यात नावानिशी दिसतं. जे झालं ते आणि कधीपासून दुरुस्त केलं ते विनंतीपत्रात दोन ओळींत लिहा. त्याआधी वकिलाला ते पत्र दाखवा, ही केस बाकीच्या तिघांसारखी नाही. त्याचा अर्ज बाकीच्यांच्या गठ्ठ्यात टाकू नका, वेगळा ठेवा, म्हणजे त्याच्यापायी इंजिनियरांची फाईल थांबणार नाही.

लातूर_बोगी

आणि परमिट आल्यावर पीडीएफ उघडून लगेच वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, शेवटची तारीख, आणि व्हिसा अनेक प्रवेशांचाच राहिलाय ना. चूक असेल तर त्याच आठवड्यात कळवा, वर्षाने सांगून उपयोग नसतो.

मग बँक. खात्याची मुदत व्हिसाला बांधलेली असते, नवा कागद दिला नाही तर १० जूनला खातं गोठतं आणि पगार अडकतो. आधार काढलेलं असेल तर तेही व्हिसाच्या तारखेपर्यंतच चालतं, नवं परमिट घेऊन केंद्रावर वाढवून घ्या. १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसाला आधार मिळतं, नसेल काढलं तर आता काढा, पुढच्या वेळी घराच्या नोंदणीला अडणार नाही.

सुट्टीवाल्याचं काय ठरलं?

शेंद्रा_पर्सोनेल

तिकीट बदललं. ५ एप्रिलला जाऊन २० ला परत येतोय, २२ ला त्याचा अर्ज टाकतो. बाकी दोघा इंजिनियरांचे या आठवड्यात.

करमाड_नाका

२० ला उतरला की चोवीस तासांत सी फॉर्म. मालकाचं खातं मंजूर नसेल तर उद्याच ठाण्यात जा.